पेवातली पोर

पूर्वी शंखवती नगरीत राजा मेघसेन राज्य करीत असताना बोधिसत्त्व नगराच्या वेशीबाहेर, कुंभारांच्या वस्तीत जन्माला आला. वयात आल्यावर त्याने बापाचे चाक चालवायला घेतले आणि पाटला नावाच्या मुलीशी लग्न केले. तो फारसा बोलत नसे. एखाद्या गोष्टीचे उत्तर द्यायचे असले तरी आधी हातातले मडके पुरे करी आणि मगच मान वर करी. पाटला म्हणे, “तुम्हांला आग लागल्याचं सांगायचं तर आधी माती वाळायची वाट बघावी लागेल.”

मडकी भाजायचा आवा सगळ्या वस्तीत एकच होता. पावसाळ्यापूर्वी सगळ्या घरांची मडकी त्यात एकावर एक रचायची, गोवऱ्या आणि काटक्या भरायच्या आणि आग द्यायची. नुकसान झाले तर ते एकट्याचे होत नसे, म्हणून आव्याचे नियम कडक होते. त्यांतला सर्वांत कडक नियम हा, की आवा पेटल्यापासून निवेपर्यंत वस्तीत कुणी रडायचे नाही. कच्च्या मडक्याचे काळीज हळवे असते, रडणे कानी पडले की आगीत ते धीर सोडते आणि तडकते, असे जुनी माणसे सांगत. तान्ह्या मुलांच्या आया आग देण्यापूर्वीच नदीकाठच्या आमराईत जाऊन राहत. बाकीच्यांनी डोळ्यांतले पाणी डोळ्यांतच जिरवायचे.

पाटलाला एक मुलगी झाली होती. ती नुकती बसायला लागली होती, आणि आमराईत तापाने गेली. आवा पेटलेला होता. पाटला तिला पदराखाली घेऊन घरी आली, दातांत पदराचे टोक धरून ओसरीवर बसली, आणि तिने आवाज काढला नाही. त्या खेपेला आव्यात एकही घागर तडकली नाही. वस्तीत तिचे फार कौतुक झाले. “बाई असावी तर अशी,” असे म्हातारे म्हणाले. आवा निवला, मडकी निघाली, मग पाटला घरामागे जाऊन बसली. आता रडायला हरकत नव्हती. पण रडू आले नाही. ते कुठे गेले हे तिला कळले नाही, आणि पुढे ती त्याचा शोध घेईनाशी झाली.

तिला पुन्हा मूल झाले नाही.

काही वर्षांनी रांजण न्यायला एक व्यापारी तांडा आला. तांड्याच्या नायकाबरोबर सहा-सात वर्षांची एक पोर होती. वाटेत लुटारूंनी जाळलेले एक गाव लागले, तिथल्या धान्याच्या पेवात ही सापडली, असे नायक म्हणाला. जमिनीत खणलेल्या त्या खोल कोठारातून तिला दोरीने वर काढावे लागले होते. “गावात दुसरं कुणी उरलं नव्हतं. आमचा रोजचा प्रवास. हिला कुठवर फिरवू?” मग त्याने बोधिसत्त्वाला बाजूला घेतले आणि आणखी काही सांगितले. पाटलाने दुरून पाहिले. आपल्या नवऱ्याचा हात रांजणाच्या काठावर तसाच राहिला आहे एवढे तिला दिसले.

“काय म्हणत होता?” तिने नंतर विचारले.

“वाटेतलं सांगत होता,” बोधिसत्त्व म्हणाला. त्याने ते तिला सांगितले नाही, कारण ऐकून तिला आपली मुलगी आठवेल असे त्याला वाटले.

मुलगी घरात राहिली. तिला नाव विचारले तर ती सांगत नव्हती, म्हणून पाटलाने तिचे नाव सारिका ठेवले. पहिल्याच दिवशी पाटलाने तिला न्हाऊ घातले, केसांतल्या जटा तेल लावून सोडवल्या आणि पुढ्यात बसवून मायेने सांगितले, “हे बघ बाळ, आपल्या घरी बाकी काही जाच नाही. एकच नियम आहे. आवा पेटला की रडायचं नाही, तोंडातून आवाज काढायचा नाही. एक जण रडला तर सगळ्यांचा घात होतो. कळलं?”

आल्यापासून कशालाही उत्तर न देणारी ती मुलगी एकदम तिच्याकडे पाहू लागली. मग तिने मान हलवली. आपले बोलणे पोरीला कळले, या आनंदात पाटला दिवसभर होती.

सारिका कशाचाही हट्ट करीत नसे. वाढलेले खाई आणि उरलेला घास मुठीत घेऊन भिंतीशी जाऊन बसे. बसायची तिची जागा ठरलेली होती. मळलेल्या मातीच्या ढिगामागे, पाठ भिंतीला, समोर दार. शेजारची नंदिका थट्टा करी, “नाव ठेवलं सारिका, आणि तोंडातून चकार शब्द नाही! मैना म्हणून घुबड आणलंस की काय गं?” पण दोन पोरांच्या रडारडीने ती स्वतः पिचलेली होती, म्हणून लगेच म्हणे, “पण गुणाची आहे हो. नाहीतर आमची बघ. दिवस उगवला की यांचा गळा सुरू.”

पाटलालाही तसेच वाटे. एकदा चुलीतून काढलेल्या गरम खापरावर सारिकेचा तळवा पडला. पाटला पाठमोरी होती. तिला ओरडणे ऐकू आले नाही, कातडे जळाल्याचा वास आला. वळून पाहते तर पोर तळवा पोटाशी धरून उभी, ओठ घट्ट मिटलेले, आणि डोळे दाराकडे. वस्तीतल्या बाया जमल्या. “काय धीराची गं बाई!” “पाटलाचं वळण आहे, दुसरं काय!”

त्या दिवशी पाटलाने तळव्यावर लोणी लावले आणि पहिल्यांदा त्या मिटलेल्या ओठांकडे नीट पाहिले. लेकरू रडत नाही म्हणजे काय? आपले रडू जिथे गेले तिथेच हिचेही गेले असेल, तर तिथे आहे तरी काय?

मग एकदा दुपारी घरामागून करडाचे ओरडणे ऐकू आले आणि मध्येच तुटले. पाटला धावली. सारिका करडावर ओणवी होती. तिने दोन्ही हातांनी त्याचे तोंड आवळून धरले होते. करडाचे पाय झाडून झाडून मंदावले होते. पाटलाने तिचे हात ओढून सोडवले तेव्हा तिला कळले, की या हातांत लहान मुलाचे बळ नाही. ते बळ कुणा मोठ्या माणसाचे असावे तसे होते. करडू वाचले. पाटलाने हे कुणाला सांगितले नाही. पण त्या दिवसापासून ती मुलीकडे पाठ करून बसेनाशी झाली.

पावसाळा जवळ आला. आवा रचायला घेतला. सगळे पुरुष तिकडे, बायका माती-पाण्याच्या धावपळीत. नंदिकेचा धाकटा सोण अजून अंगावर पिणारा होता. तो पाटलाच्या ओसरीवर झोळीत झोपलेला पाहून नंदिका पाणी आणायला गेली आणि पाटला चूल सारवायला आत वळली. सोण उठला, रडू लागला. पाटला म्हणाली, “आले रे, आले राजा.” हात धुऊन ती येईपर्यंत रडणे थांबले होते.

फार लवकर थांबले होते.

ती ओसरीवर आली. झोळीशेजारी सारिका उभी होती. तिचा भाजलेला तळवा सोणच्या तोंडावर होता आणि दुसरा हात त्यावर दाबलेला. मुलाचा चेहरा निळसर झाला होता. पाटलाने तिला ढकलून दिले, मुलाला उचलले, पाठीवर थापट्या मारल्या. बराच वेळ काही झाले नाही. मग त्याने श्वास ओढला आणि किंकाळी फोडली. ती ऐकताच पडलेली सारिका उठून पुन्हा त्याच्याकडे धावली.

नेमकी त्याच वेळी नंदिका घागर घेऊन दारात आली.

संध्याकाळपर्यंत सगळी वस्ती बोधिसत्त्वाच्या अंगणात होती. वस्तीचा ज्येष्ठक, म्हणजे म्होरक्या, उग्रक हा वयस्क आणि मनाने सरळ माणूस होता. आपल्या माणसांचे बरे व्हावे एवढेच त्याला कळे. तो म्हणाला, “पोर जळक्या गावातून आली. सगळं गाव मेलं आणि ही एकटी वाचली, हे आपण तेव्हाच मनाला विचारायला हवं होतं. ही यक्षिणी आहे. लेकरांचा श्वास पिते.”

“ज्येष्ठक, ती लहान आहे,” बोधिसत्त्व म्हणाला.

“यक्षिणी म्हातारीच असते असं कुणी सांगितलं तुला?” नंदिका ओरडली. सोणला तिने इतके घट्ट धरले होते की तो पुन्हा रडायच्या बेतात होता. “माझं पोर गेलं असतं म्हणजे पटलं असतं का? तुमची रिकामी मांडी भरायची म्हणून आमच्या मांड्या रिकाम्या करणार काय!”

पाटलाला ते लागले. पण तिने मान खाली घातली, कारण नंदिकेचे खरे होते.

उग्रकाने ठरवले ते असे. परवा सकाळी आवा पेटेल. यक्षिणी वस्तीत असताना आगीचे रक्षण होणार नाही. तेव्हा त्याच सकाळी तिला होडीतून पलीकडच्या तीरावर न्यायचे आणि यक्षाच्या वडाखाली ठेवून यायचे. ती यक्षाची असेल तर तो घेईल. नसेल तर तिचे नशीब. त्या वडाभोवती दाट रान होते, आणि त्या रानात वाघ होता हे सगळ्यांना ठाऊक होते. ते कुणी बोलले नाही.

लोक गेले. सारिका मातीच्या ढिगामागे जाऊन बसली होती. पाटला अंगणातच राहिली. आपल्याच घरात पाऊल टाकायचे तिला धाडस होईना.

“मला तिची भीती वाटते,” ती नवऱ्याला म्हणाली. “वाईट आहे हे माझं. पण वाटते. ती माझ्याकडे बघते तेव्हा माझ्यामागे कुणीतरी उभं आहे असं वाटतं.”

“मलाही वाटते,” बोधिसत्त्व म्हणाला. मग तो पुढे बोलला, “तांड्याचा नायक तेव्हा एक गोष्ट सांगून गेला. ती मी तुला सांगितली नाही. पेवात ही एकटी नव्हती. हिच्या मांडीवर एक तान्हं पोर होतं. मेलेलं. त्याच्या तोंडावर हिचा हात होता. नायक तो सोडवायला गेला तर सुटेना.”

पाटला भिंतीचा आधार घेऊन खाली बसली. “म्हणजे हिनंच...”

“हो. मला वाटतं हिनंच.”

“आणि हे ठाऊक असून तुम्ही हिला घरात घेतलंत! नंदिकेचं पोर इथं झोपवू दिलंत!”

“तिथं माझं चुकलं,” तो म्हणाला. “तुला जपायला गेलो आणि कुणालाच जपलं नाही.” मग त्याने विचारले, “पाटला, सोणच्या तोंडावर हात होता तेव्हा ती कुणाकडे बघत होती?”

“हे काय विचारणं झालं?”

“आठवून सांग.”

पाटलाने आठवले. तिला आठवायचे नव्हते, पण ते दृश्य डोळ्यांपुढून हलतच नव्हते. “दाराकडे,” ती म्हणाली.

“आणि करडू?”

“तुम्हांला करडाचं कुणी सांगितलं?”

“मी आव्यावरून बघितलं. मी पोचायच्या आत तू आलीस. तेव्हाही ती करडाकडे बघत नव्हती. वाटेकडे बघत होती. मांजर उंदीर धरतं तेव्हा नजर उंदरावरून हलत नाही. ज्याला कुणाला मारायचं असतं, त्याचं तसंच होतं. ही मात्र ज्याचं तोंड दाबते त्याच्याकडे बघतच नाही. कुणी येतंय का, ते बघते.”

पाटलाने दारातून आत, मातीच्या ढिगाकडे पाहिले.

“नायक म्हणाला, पेवाच्या तोंडावर दगड होता आणि त्यावर गोवऱ्या रचलेल्या होत्या. ते आतून कुणाला रचता येत नाही. कुणीतरी या दोघांना आत ठेवलं, वरून झाकलं. झाकताना ती आई काय सांगून गेली असेल?”

हे त्याला पुढे सांगावे लागले नाही. कुठली आई काय सांगेल ते पाटलाला ठाऊक होते. गप्प बस. बाळाला रडू देऊ नको. एक जण रडला तर सगळ्यांचा घात होईल. मी येऊन काढीपर्यंत आवाज काढू नको. आणि ती आई येऊन काढू शकली नाही.

मग पाटलाला दुसरे काहीतरी आठवले. पोर आल्या दिवशी, न्हाऊ घालून, तेल लावून, मांडीशी घेऊन आपण हेच शब्द बोललो होतो. पोरीने मान हलवली होती, आणि आपल्याला आनंद झाला होता. खापराने हात भाजला तेव्हा सगळ्यांनी मिळून तिला शाबासकी दिली होती.

“तिला वर काढलंच नाही कुणी,” पाटला म्हणाली. “मी तर तिच्यावर आणखी एक दगड ठेवला.”

ती आत गेली. मातीच्या ढिगापाशी वाकली आणि म्हणाली, “सारिके, ते लोक गेले. लुटारू गेले. आता रडलं तरी चालतं.” मुलीने तिच्याकडे पाहिले, आणि मग तिच्या खांद्यावरून दाराकडे. पाटलाने पुन्हा सांगितले. दुसऱ्या दिवशी दिवसभर सांगितले. पण शब्दांनी घातलेले कुलूप शब्दांनी निघत नव्हते. ज्या घरात रडायचे नाही असा नियम आहे, त्या घरातली बाई रडायला हरकत नाही म्हणते, यावर कोण विश्वास ठेवील?

आवा पेटवायची सकाळ आली. मुहूर्तावर उग्रकाने आग दिली. धूर उठला, रचलेल्या खापरांच्या फटीतून लाल जिभा दिसू लागल्या, आणि रिवाजाप्रमाणे सगळी वस्ती गप्प झाली. तान्ह्यांच्या आया आधीच आमराईत गेल्या होत्या. एकटी नंदिका सोणला कडेवर घेऊन हजर होती.

“तू इथं काय करतेस?” उग्रकाने दबक्या आवाजात विचारले. “पोर रडलं म्हणजे?”

“नदीच्या वाटेनं तुम्ही तिला नेणार आणि त्याच वाटेवर मी माझं लेकरू घेऊन बसू?” नंदिका तशीच दबक्या आवाजात म्हणाली. “ती होडीत बसल्याशिवाय मी हलायची नाही.”

चार जण सारिकेला न्यायला पुढे झाले. पाटला तिचा हात धरून उभी होती. तिला लोकांचे भय होते, आगीचे भय होते, आणि आपल्या हातातल्या त्या लहान हाताचेही भय गेलेले नव्हते. बोधिसत्त्व आव्यापासून चालत आला आणि दोघींच्या पुढे उभा राहिला.

तेवढ्यात धुराचा लोट वळला. सोणच्या नाकातोंडात धूर गेला, आणि त्याने भोकाड पसरले.

सगळे दचकले. नंदिका त्याला थोपटू लागली. पाटलाच्या हातातला हात निसटला. सारिका वाऱ्यासारखी माणसांमधून सुटली आणि नंदिकेच्या अंगावर गेली. तिची बोटे मुलाच्या तोंडाकडे होती. तिची मान मात्र पूर्ण मागे, वेशीकडच्या वाटेकडे वळलेली होती, आणि त्या चेहऱ्यावर जे भय होते ते पाटलाने या जन्मात कुणाच्या चेहऱ्यावर पाहिले नव्हते. ज्याच्यामागे यम उभा आहे, त्याचाच चेहरा तसा असेल.

नंदिकेने किंचाळून मुलाला वर उचलले. दोघांनी सारिकेला दंडाला धरले. “बघा! बघा सगळ्यांनी!”

आणि मग पाटला रडली.

तिने ठरवून तोंड उघडले होते. पोरीला दिसावे, की कुणी रडले तरी कुणी येत नाही, एवढेच तिच्या मनात होते. पहिला आवाज खोटा निघाला. दुसरा तिचा नव्हताच, तो कुठून तरी खालून आला, आणि त्याच्यामागून बाकीचे आले. पदराखाली गार झालेले ते लहान अंग, ओसरी, दातांतले कापड. पाटला पेटलेल्या आव्यापुढे जमिनीवर बसली आणि गळा काढून रडू लागली.

वस्तीत असे कधी झाले नव्हते. बाया कानांवर हात ठेवू लागल्या. कुणी म्हणाले, “तिचं तोंड धरा!” आव्यातून कडाड असा आवाज आला. मग दुसरा.

“वर्षाचं पोट आहे त्यात!” उग्रक कळवळून म्हणाला. “अरे, तुझ्या बायकोला आवर!”

“आवरणार नाही,” बोधिसत्त्व म्हणाला. “ज्येष्ठक, या आव्यात जे तडकेल ते माझं. ज्याचं जितकं जाईल तितकं मी करून देईन. पण आज तिला कुणी गप्प करायचं नाही.” त्याने सारिकेला धरणाऱ्यांकडे पाहिले. “आणि तिला सोडा.”

त्याने आवाज चढवला नव्हता. पण कधी न बोलणारा माणूस बोलला होता, म्हणून त्यांनी सोडले.

सारिका पाटलाकडे धावली. तिने दोन्ही तळवे पाटलाच्या तोंडावर दाबले. नाकही दाबले गेले. पाटलाचा श्वास कोंडला. ते हात तिला ठाऊक होते, त्यांचे बळ ठाऊक होते. ढकलून द्यावे असे सगळे अंग ओरडत होते. तिने ढकलले नाही. तिने डोळे उघडून पाहिले. मुलगी वाटेकडे पाहत होती आणि लटलट कापत होती. ही मला मारत नाही, असे पाटलाला कळले. ही मला वाचवते आहे. पेवातल्या त्या बाळालाही हिने असेच वाचवले होते.

तिने मुलीची बोटे धरली. ओढली नाहीत, एकेक सैल केली, जशी ओल्या मातीवरून करावीत तशी. आणि जागा झाली तेवढ्यात ती पुन्हा रडली. मोठ्याने. बोटे पुन्हा आवळली. तिने पुन्हा सैल केली. सोणही रडत होता. त्याला गप्प करायचे नंदिकेला भान राहिले नव्हते. ती पाहतच उभी होती.

वाटेवर कुणी नव्हते. धूळ होती. मग एक बैल आला, त्याच्यामागून गवताचा भारा घेतलेली म्हातारी आली, तिने या गर्दीकडे पाहिले आणि ती पुढे निघून गेली. पाटला रडतच होती. सारिका बघतच होती. बराच वेळ गेला. वेशीतून घोडे आले नाहीत. मशाली आल्या नाहीत.

मग पाटलाच्या तोंडावरचे हात आपोआप ढिले झाले. मुलीने मान वळवली आणि खरखरीत आवाजात, वापरात नसलेल्या जात्यासारख्या, विचारले, “गेले?”

“गेले,” पाटला म्हणाली. “कधीच गेले, बाळ. मी सांगायला उशीर केला.”

“आई येते म्हणाली होती.”

“ती येत होती. तिला येऊ दिलं नाही त्यांनी.”

सारिकेने आपल्या तळव्यांकडे पाहिले. “बाळ उठेना,” ती म्हणाली. “मी त्याला गप्प केलं. मग ते उठेना.” आणि ती रडू लागली. आधी आवाज नव्हता. मग आवाज आला.

उग्रक आव्याकडे पाठ करून उभा होता. त्याने मुलीला न्यायला आलेल्या चौघांना हाताने मागे व्हायला सांगितले. होडीवाला वाट पाहून निघून गेला.

आवा निवल्यावर उघडला तेव्हा पुष्कळ मडकी तडकलेली निघाली. गोवऱ्या ओल्या होत्या असे काही जण म्हणाले. रडण्याने तडकली असे उग्रक शेवटपर्यंत म्हणत राहिला. बोधिसत्त्वाने वाद घातला नाही. दिलेल्या शब्दाप्रमाणे तो साऱ्या वस्तीची मडकी करीत राहिला. पावसाळाभर त्याच्या घरी विकायला काही नव्हते आणि चूल कधी कधी दिवसातून एकदाच पेटे.

सारिकेची भीती एका सकाळीत गेली नाही. कुणाचे मूल रडले की ती दचके, वाटेकडे पाही, मग पाटलाकडे पाही. पाटला हातातले काम टाकून म्हणे, “गेले.” काही दिवस हे पुष्कळदा म्हणावे लागे. पाटला थकली तरी तिने ते कधी चिडून म्हटले नाही. नंदिका सोणला त्या ओसरीवर आणू लागली, पण त्याला खाली ठेवीत नसे. पाटलालाही कधी कधी जुने भय वाटे. तिने त्याची लाज धरली नाही. भीती दोघींनाही होती. फक्त आता एकीची भीती दुसरीला दिसत होती.

वस्तीचा तो नियम मोडला असे कुणी जाहीर केले नाही. पण पुढच्या खेपेला तान्ह्यांच्या आया आमराईत गेल्या नाहीत, आणि उग्रकाने त्यांना विचारले नाही.

ही कथा बुद्धपदाला पोचलेल्या शास्त्यांनी एका विहारात सांगितली. महामारीत उजाड झालेल्या गावातून एका गृहस्थ दांपत्याने एक मुलगी घरी आणली होती. ती पोर धान्य लपवी, जवळ घेतले तर चावे, आणि हाक मारली तर पळे. थकलेली ती बाई मुलीला मांडीवर घेऊन शास्त्यांपुढे बसली होती. ती म्हणाली होती, “भगवन्, मी हिला सगळं दिलं. ही मला भिते, आणि आता मीही हिला भिऊ लागले आहे. हिला इथं ठेवून जाऊ का?”

कथा संपवून शास्ते म्हणाले, “त्या वेळचा ज्येष्ठक उग्रक म्हणजे तुझा हा सासरा, जो दाराशी बसला आहे. नंदिका ती तुझी शेजारीण, जी तुला रोज बोलते. तो कुंभार मीच होतो.”

बाईने विचारले, “आणि मी पाटला होते?”

“नाही, उपासिके,” शास्ते म्हणाले. “तू ती पेवातली मुलगी होतीस. पाटला या वेळी तुझ्या मांडीवर आहे.”

त्या बाईने मुलीला नीट जवळ घेतले, आणि मुलगी चावली तेव्हा हात मागे घेतला नाही.

अन्न देणारे, वस्त्र देणारे पुष्कळ असतात. भ्यालेल्याचे भय खरे मानून, ते सरेपर्यंत त्याच्याजवळ बसून राहणे, याला अभयदान म्हणतात.